बारा चेंडूंची कारकीर्द : हॅम्पशायरचा फ्रेड हायलंड

लेगबाय
शनिवार, रात्री ११:१०

विस्डेन या इंग्लिश क्रिकेट वार्षिकाचा जुना अंक हाती लागला की मी आधी मृत्युलेखांची पानं उघडतो. घरात यावरून बोलणी खाऊन झाली आहेत. पण मजा तिथेच असते. मोठ्या खेळाडूला पानंच्या पानं मिळतात, आणि ज्याचं नाव त्याच्या गावाबाहेर कुणी ऐकलं नसेल त्यालाही दोन-तीन ओळी मिळतात. एक सामना खेळला असला तरी मिळतात.

फ्रेडरिक हायलंड हा असाच दोन-तीन ओळींचा माणूस. फेब्रुवारी १९६४ मध्ये, सत्तराव्या वर्षी गेला. नोंदीचा मथितार्थ असा : १९२४ साली व्यावसायिक खेळाडू म्हणून हॅम्पशायर या इंग्लिश कौंटी संघाकडून एक सामना, नॉर्दॅम्प्टनला, नॉर्दॅम्प्टनशायरविरुद्ध. सामन्यात खेळ झाला दोन षटकं. धावफलक बिनबाद १. पुढे चेशायरमध्ये रोपवाटिकेच्या धंद्यात त्यानं नाव कमावलं. बस्स.

तीन दिवसांचा सामना, त्यातले बारा चेंडू सोडले तर सगळा पाऊस. हॅम्पशायर क्षेत्ररक्षणाला होतं, म्हणजे हायलंड मैदानावर होता. बॅट हातात घेतली नाही, गोलंदाजी केली नाही, गडीच बाद झाला नाही म्हणजे झेलाचा प्रश्न नाही. जी एक धाव निघाली तिच्यामागे कोण धावलं हे धावफलकावर लिहीत नाहीत. त्यानंतर हॅम्पशायरनं त्याला पुन्हा कधी खेळवलं नाही. प्रथम श्रेणीतली सगळ्यात छोटी कारकीर्द म्हणून याचंच नाव घेतात.

मला गंमत वाटते ती वेगळीच. एकही चेंडू न पडता सामना रद्द झाला तर तो प्रथम श्रेणीत मोजला जात नाही. म्हणजे तो पाऊस दहा मिनिटं आधी आला असता तर हायलंड हा प्रथम श्रेणी क्रिकेटपटूच नव्हता. मग विस्डेनमध्ये त्या ओळी नाहीत आणि हा धागाही नाही. बारा चेंडूंनी माणूस उंबऱ्याच्या आत आला.

तर प्रश्न असा : हायलंड प्रथम श्रेणी क्रिकेट 'खेळला' असं म्हणायचं का?


शंकेखोर
शनिवार, रात्री ११:३२

नाही.

खेळला म्हणजे काहीतरी केलं पाहिजे. हा उभा होता. उभं राहणं खेळ असेल तर पंचही खेळले, आणि साइटस्क्रीन ढकलणारा माणूसही खेळला.

आणि 'एक चेंडू पडला की सामना' हा नियमही सगळीकडे एकसारखा लागू नाही. १९७०-७१ च्या मेलबर्न कसोटीत नाणेफेक झाली होती, संघ जाहीर झाले होते. पावसानं एक चेंडू पडू दिला नाही. ती कसोटी धरली गेली नाही. (त्याच पावसाची भरपाई म्हणून ५ जानेवारी १९७१ ला चाळीस षटकांचा सामना खेळवला, तोच पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना. म्हणजे पाऊस देतोही.) आणि हल्ली एकदिवसीय सामन्यात नुसती नाणेफेक झाली तरी सामना खात्यावर जमा. म्हणजे आजच्या काळात तंबूत चहा पीत बसलेल्या खेळाडूचंही पदार्पण होतं. असल्या हिशोबावर 'खेळला की नाही' हे ठरवायचं?


आबा सातारकर
रविवार, सकाळी ६:५०

शंकेखोरराव, तुमचा मुद्दा कळला, पण मला तो उफराटा वाटतो. पदार्पण त्या दहा मिनिटांत झालं नाही हो. ते संघ निवडला तेव्हाच झालं.

हॅम्पशायरचा तो संघ कोणता होता ते आधी बघा. फिल मीड म्हणजे चालता-बोलता डोंगर. एकट्या हॅम्पशायरसाठी त्याच्या ४८,८९२ धावा आहेत. एकाच संघाकडून प्रथम श्रेणीत इतक्या धावा जगात कुणाच्या नाहीत. गोलंदाजीला अ‍ॅलेक केनेडी आणि जॅक न्यूमन, दोघांचे मिळून कारकिर्दीतले बळी जवळजवळ पाच हजार. कर्णधार लॉर्ड टेनिसन, कवी टेनिसनचा नातू. १९२१ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध लीड्सला हात फाटलेला असताना जवळपास एका हातानं खेळून ६३ आणि ३६ काढणारा. यष्टिरक्षक वॉल्टर लिव्हसी, हा टेनिसनचा खासगी नोकर. म्हणजे मैदानाबाहेर धन्याचे कपडे काढून ठेवायचे आणि मैदानात त्याच्याच हाताखाली यष्ट्यांमागे उभं राहायचं!

या मंडळींचा १९२२ चा किस्सा तुम्हाला माहीत असेलच. एजबॅस्टनला वॉर्विकशायरनं यांना १५ धावांत गुंडाळलं. पंधरा. फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात ५२१ काढल्या, जॉर्ज ब्राउन १७२, आणि आपला लिव्हसी नाबाद ११०. सामना १५५ धावांनी जिंकला. असल्या संघात जागा मिळवणं म्हणजे काय खायचं काम नव्हतं.

आणि वय बघा. १९२४ ला हायलंड तिशीत. १९१४ ला तो विशी नुकती ओलांडलेला असणार. कौंटी क्रिकेट १९१५ ते १९१८ बंद होतं. नवीन पोरांनी पुढे यायची चार वर्षं युद्धानं खाल्ली. त्या पिढीतल्या कितीजणांना पहिली संधी तिशीत मिळाली, आणि ती मिळाली तेव्हा आभाळ भरून आलं. याला 'उभा होता' म्हणायचं?


खडूस मुंबईकर
रविवार, सकाळी ९:१५

पाऊस आला म्हणून मॅच रद्द? आम्ही तर पाऊस आला की मॅच खेळायचो. :)

जरा अवांतर, पण विषय पावसाचा आहे म्हणून. कांगा लीग १९४८ पासून मुद्दाम पावसाळ्यात खेळवतात. पिच झाकत नाहीत. मी एका ऑफिसच्या टीमकडून खालच्या डिव्हिजनमध्ये सात-आठ सीझन खेळलो. आऊटफिल्डला गवत घोट्याच्या वर. जमिनीलगत कितीही करकचून मारा, बॉल वीस पावलांवर मेला. म्हणून बॅट्समन हवेत मारायला शिकतो आणि फिल्डर चिखलात झेल पकडायला शिकतो. जुने लोक सांगायचे की इंग्लंडच्या ओल्या पिचची तालीम इथेच होते.

तेव्हा माझा साधा प्रश्न : नॉर्दॅम्प्टनला तीन दिवसांत दोनच ओव्हर? एवढा कसला पाऊस? आझाद मैदानावर आणून सोडा त्यांना जुलैमध्ये.


लेगबाय
रविवार, सकाळी १०:०५

काका, तिथेही सामना सुरू झाल्यावर खेळपट्टी झाकत नसत. म्हणून तर 'ओली खेळपट्टी' ही एक वेगळी विद्याच होती. पण नुसतं पाऊस थांबून भागत नाही. गोलंदाजाला पाय रोवता आला पाहिजे. धावपट्टीचा चिखल झाला, चेंडू साबणाच्या वडीसारखा झाला की पंच आणि कर्णधार बाहेर येतात, टाचेनं माती दाबून बघतात आणि परत जातात. भुसा टाकायचा, वाट बघायची. आणि मुंबईसारखी सर येऊन निघून गेली, अर्ध्या तासात ऊन, असा तो पाऊस नव्हे. तो दिवस दिवस झिमझिमतो. आपल्याकडे महाबळेश्वरला श्रावणात असतो तसा समजा.

आबा, टेनिसनचा उल्लेख आलाच आहे तर खडूसकाकांसाठी एक धागा जोडतो. याच टेनिसननं १९३७-३८ मध्ये संघ घेऊन हिंदुस्थानचा दौरा केला. मुंबईतल्या ब्रेबॉर्न स्टेडियमचं उद्घाटन डिसेंबर १९३७ मध्ये झालं ते टेनिसनचा संघ विरुद्ध क्रिकेट क्लब ऑफ इंडिया या सामन्यानं. चर्चगेटहून जाताना मला आता नेहमी हायलंड आठवतो, काही संबंध नसताना.


मीरा_मिडलंड्स
रविवार, दुपारी १:४० (इकडची सकाळ)

मी नॉर्दॅम्प्टनपासून अर्ध्या तासावर राहते. नवऱ्याला क्रिकेटचं वेड, मला नाही, पण कौंटी ग्राउंडवर बऱ्याचदा गेले आहे. गावातच, वाँटेज रोडवर, घरांच्या रांगांमध्ये दबकून बसलेलं मैदान. तुम्ही टीव्हीवर बघता तसलं काही भव्य नाही. स्वेटर, थर्मास, वर्तमानपत्र आणि मधूनच वाजणाऱ्या चार टाळ्या.

गंमत म्हणजे तिथला फुटबॉल क्लबही जवळजवळ शंभर वर्षं, १८९७ पासून १९९४ पर्यंत, याच मैदानावर खेळायचा. त्यामुळे फुटबॉलच्या मैदानाला एका बाजूला स्टँडच नव्हता, तिकडे क्रिकेटचं मैदान सुरू व्हायचं.

आणि शंकेखोर, तुम्हाला एक उदाहरण देते, याच मैदानावरचं. हायलंडच्या पुढच्याच वर्षी, १९२५ ला, डब्लिन विद्यापीठाचा संघ इथे नॉर्दॅम्प्टनशायरशी खेळायला आला. त्यात एकोणीस वर्षांचा एक डावखुरा विद्यार्थी होता. १९२६ ला परत आला. दोन सामने, चार डाव, एकूण ३५ धावा, बळी शून्य. नाव सॅम्युएल बेकेट. १९६९ चं साहित्याचं नोबेल. प्रथम श्रेणी क्रिकेट खेळलेला नोबेलविजेता हा एकच. तो तरी 'खेळला' ना तुमच्या हिशोबानं?


शंकेखोर
रविवार, दुपारी २:०२

३५ धावा काढल्या, चेंडू टाकले. खेळला. वाईट खेळला, पण खेळला.


पाटावरवंटा
रविवार, दुपारी ४:२५

वाईट खेळण्याचा विषय निघाला आणि सॉमरसेटचा सेमूर क्लार्क आला नाही, असं कसं चालेल?

हे गृहस्थ रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. वेस्टन-सुपर-मेअरचे. १९३० साली सॉमरसेटचा नेहमीचा यष्टिरक्षक वॉली लक्स आजारी पडला म्हणून यांना बोलावलं. यष्ट्यांमागे माणूस उत्तम. पण बॅटिंग? पाच सामने, नऊ डाव, धावा शून्य. दोनदा नाबाद, सात भोपळे. कारकिर्दीत एकही धाव न काढता सर्वाधिक डाव खेळण्याचा विक्रम अजून त्यांच्याच नावावर आहे.

एसेक्सच्या सामन्याची गोष्ट सांगतात. पीटर स्मिथला या माणसाची दया आली. एक तरी धाव काढ बाबा, म्हणून त्यानं मुद्दाम दोन टप्पे पडणारा चेंडू टाकला. क्लार्कनं तोही सोडला आणि त्रिफळा उडाला.

मला या गोष्टीतलं सगळ्यात आवडतं ते पुढचं. सॉमरसेटनं पुढच्या मोसमासाठी विचारलं होतं, तर हे म्हणाले नको, आणि परत इंजिनावर गेले. १९३० सालची रेल्वेची पक्की नोकरी! माझे आजोबा दौंडला रेल्वेत होते. ते असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं : पेन्शन बघ, क्रिकेट काय घेऊन बसलास.


गुलबक्षी
रविवार, सायंकाळी ६:१०

क्रिकेटमधलं मला ओ की ठो कळत नाही. धागा उघडला तो 'रोपवाटिका' शब्दामुळे, कारण माझी स्वतःची छोटी नर्सरी आहे. म्हणून बाकी सगळे ज्या ओळीवरून पटकन पुढे गेलात तिथे मी अडकले.

विस्डेननं या माणसाच्या सत्तर वर्षांतल्या दोन गोष्टी सांगितल्या. एक, दोन षटकं. दुसरी, त्यानं नर्सरीत 'नाव कमावलं'. तुम्ही सगळे पहिलीवर भांडताय. नर्सरीत नाव कमवायला काय लागतं माहीत आहे का? कलमं तगायला लागतात. रोप नेलेलं गिऱ्हाईक तीन वर्षांनी परत येऊन म्हणायला लागतं की तुमच्याकडचं झाड लागलं बरं का. त्याला दोन षटकं पुरत नाहीत, दहा-पंधरा वर्षं जातात. क्रिकेटच्या पुस्तकानं आपणहून दुसऱ्या धंद्यातलं नाव सांगितलं याचा अर्थ ते नाव खरंच झालं असणार.


बिनीचा फलंदाज
रविवार, सायंकाळी ६:३१

म्हणजे ज्या पावसानं त्याचं क्रिकेट बुडवलं, त्याच पावसावर त्याची बाग फुलली...


शंकेखोर
रविवार, सायंकाळी ६:३३

हे वाक्य कोण टाकतंय याची सकाळपासून वाट बघत होतो.


बिनीचा फलंदाज
रविवार, सायंकाळी ६:३५

:) राहवलं नाही.


लेगबाय
रविवार, रात्री ९:२०

गुलबक्षीताई, प्रतिसाद फार आवडला. क्रिकेट कळत नाही म्हणता, पण तुमच्यासाठी एक माहिती : लॉर्ड्स मैदानाच्या एका टोकाचं नावच 'नर्सरी एंड' आहे. लोकांना वाटतं तिथे लहान मुलं शिकतात म्हणून. पण तिथे खरोखर हेंडरसनची रोपवाटिका होती, ट्यूलिप आणि अननसासाठी प्रसिद्ध. लॉर्ड्सच्या मालक क्लबनं, म्हणजे एमसीसीनं, ती जागा १८८७ मध्ये विकत घेतली. नाव तेवढं उरलं.

आता १९२४ बद्दल. तो उन्हाळा इंग्लंडमध्ये पाण्यात गेला असं म्हणायला हरकत नाही, कारण त्याच वर्षी दुसराही एक हायलंड झाला, फक्त एक पायरी वर. सॉमरसेटचा जॅक मॅकब्रायन. चांगला फलंदाज, कारकिर्दीत दहा हजारांवर धावा. जुलैमध्ये ओल्ड ट्रॅफर्डला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटी पदार्पण. आफ्रिका ४ बाद ११६ आणि मग पाऊस, सामना तिथेच संपला. पुन्हा कसोटी नाही. बॅटिंग नाही, बोलिंग नाही, एक झेलही नाही. असा कसोटीपटू हा एकमेव.

आणि शंकेखोर, याच मॅकब्रायनकडे हॉकीचं ऑलिंपिक सुवर्णपदक होतं, १९२० अँटवर्पचं. त्याला जाऊन सांगा तू खेळला नाहीस म्हणून.


शंकेखोर
रविवार, रात्री ९:४१

हॉकी खेळला. कसोटी नाही खेळला. मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.


आबा सातारकर
सोमवार, सकाळी ६:४५

मूळ नोंदीतला एक शब्द सगळ्यांच्या नजरेतून सुटलाय : 'व्यावसायिक'. त्यावर थोडं बोलतो.

तेव्हा इंग्लिश क्रिकेटमध्ये दोन जाती होत्या. हौशी, म्हणजे जंटलमन, आणि पैसे घेऊन खेळणारे ते प्लेअर्स. कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या. बऱ्याच मैदानांवर आत यायची फाटकंही वेगळी. धावफलकावरसुद्धा हौशी माणसाची आद्याक्षरं आडनावाच्या आधी आणि व्यावसायिकाची आडनावाच्या नंतर. कर्णधार हौशीच पाहिजे, मग त्याला खेळता येवो न येवो. हे सगळं १९६२ च्या अखेरीस संपलं. म्हणजे हायलंड जायच्या सव्वा वर्ष आधी.

हौशी माणसाला पावसानं फरक पडत नव्हता. तो क्लबात जाऊन पत्ते खेळत बसला असेल. व्यावसायिकाचं गणित वेगळं होतं. त्याला करार टिकवायचा, पुढच्या वर्षीची सोय लावायची. बेनिफिट मॅच (जिचं उत्पन्न त्या खेळाडूला मिळे) मिळाली तर म्हातारपण निघायचं, पण त्यासाठी वर्षानुवर्षं संघात टिकावं लागे. आणि ती बेनिफिट मॅचही पावसात गेली तर खेळाडू गाळात, अशा गोष्टी इंग्लंडात कमी नाहीत. क्लार्क इंजिनावर परत गेला आणि हायलंड रोपांकडे, यात मला तरी काही करुण दिसत नाही. पोटापाण्याचा साधा हिशोब आहे.

तेव्हा लेगबाय, तुमच्या लेखात 'उंबरा' वगैरे आलंय ते वाचायला बरं वाटतं. पण त्या माणसानं बहुधा एवढाच विचार केला असेल की तीन दिवस गेले, आता पुढे काय.


लेगबाय
सोमवार, सकाळी ८:३०

मान्य. जाती दोनच होत्या का यावर वाद घालता येईल (लिव्हसीला कुठे बसवाल?), पण उंबऱ्याचा माझा सोस जरा जास्तच झाला.


बिनीचा फलंदाज
सोमवार, दुपारी १२:१५

काल पांचट वाक्य टाकलं त्याचं प्रायश्चित्त म्हणून आज काहीतरी ठोस देतो. हायलंडला खेळायला मिळालं नाही ते पावसामुळे. सहखेळाडू धापा टाकत क्रीजवर उभा, स्वतः यायला निघालेला, आणि तरी खेळू दिलं नाही, असाही एक माणूस आहे. ससेक्सचा हॅरल्ड हेगेट. त्याची कारकीर्दही मोजक्या सामन्यांची. १९०३ मध्ये सुरुवात, मग मोठा खंड, आणि शेवट थेट महायुद्धानंतर.

मे १९१९. टाँटनला सॉमरसेट विरुद्ध ससेक्स. त्या वर्षी कौंटी सामने दोन दिवसांचे करून बघितले होते, प्रयोग म्हणून. सॉमरसेट २४३ आणि १०३. ससेक्स २४२ आणि दुसऱ्या डावात नववा गडी पडला तेव्हा १०४. बेरीज करा : ३४६ आणि ३४६. बरोबरी. जिंकायला एक धाव, शेवटचा माणूस हेगेट. त्याला संधिवातानं इतकं घेरलेलं की तो फलंदाजीला येणार की नाही हेच कुणाला माहीत नव्हतं. तो कसाबसा निघाला. तेवढ्यात सॉमरसेटच्या एका खेळाडूनं अपील केलं की नव्या फलंदाजाला यायला मिळणारी दोन मिनिटं होऊन गेली. पंच आल्फ्रेड स्ट्रीटनं नियम बघितला, यष्ट्या उपटल्या, खेळ खलास. सामना बरोबरीत.

विस्डेन चिडलं. सामना संपवायला भरपूर वेळ शिल्लक असताना असा मुद्दा काढणं खिलाडूवृत्तीला धरून नाही, असं त्यांनी सरळ छापलं. क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीनं मात्र पंचाची बाजू घेतली.


खडूस मुंबईकर
सोमवार, दुपारी १२:४०

म्हणजे श्रीलंकेच्या मॅथ्यूजच्या आधी शंभर वर्षं! ६ नोव्हेंबर २०२३, दिल्ली, वर्ल्ड कप. हेल्मेटचा पट्टा तुटला, वेळ गेला, बांगलादेशच्या शाकिबनं अपील केलं, आऊट. त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट पडले ते अजून बोलत नाहीत.


शंकेखोर
सोमवार, दुपारी १२:५८

दुरुस्ती. हेगेट नोंदीत 'टाइम्ड आउट' (वेळेत न आल्यानं बाद) नाही, 'गैरहजर' आहे. बाद होण्याचा हा स्वतंत्र प्रकार १९८० च्या नियमावलीपासून आला. प्रथम श्रेणीत तसा पहिला बाद अँड्र्यू जॉर्डन, दक्षिण आफ्रिकेत १९८७-८८ मध्ये. बिचारा पुरामुळे रस्ते बंद झाल्यानं मैदानावर पोहोचलाच नाही. भारतातलं उदाहरण त्रिपुराचा हेमूलाल यादव, १९९७, कटकला ओडिशाविरुद्ध रणजी सामना. नववा गडी पडला, पेयपानाची सुट्टी झाली, हा सीमारेषेशी तयार होऊन बसलेला, पण संघ व्यवस्थापकाशी गप्पांत असा रंगला की उठलाच नाही. पंचांनी दिला बाद.

मला हेगेटपेक्षा यादवबद्दल जास्त सहानुभूती आहे. गप्पा मारताना माणसाचं होतं असं.


आबा सातारकर
सोमवार, दुपारी ३:३०

सगळेच अपील करतात असं नाही. केपटाउन, जानेवारी २००७, दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी. सकाळी सकाळी आपले दोन्ही सलामीवीर, सेहवाग आणि वसीम जाफर, परतले. सचिन आदल्या दिवशी काही काळ मैदानाबाहेर होता, त्यामुळे ठरावीक वेळ होईपर्यंत त्याला नियमानं येता येईना. लक्ष्मण अंघोळीला गेलेला. शेवटी गांगुलीला धावतपळत तयार करून पाठवलं, सहा मिनिटं गेली. पंचांनी त्यांच्या कर्णधाराला, ग्रॅम स्मिथला, नियम सांगितला. त्यानं अपील केलं नाही. कसोटी निर्णायक होती आणि ती पुढे त्यांनी जिंकली, म्हणून कुणाला फारसं आठवत नाही.


मीरा_मिडलंड्स
सोमवार, सायंकाळी ५:०५

नवऱ्याला धागा वाचून दाखवला. त्याचं म्हणणं, एवढ्या लोकांची नावं घेतलीत आणि नॉर्मन कॅलवेला विसरलात. इंग्लिश कौंटीतला नाही, न्यू साउथ वेल्सचा. फेब्रुवारी १९१५, सिडनी, क्वीन्सलंडविरुद्ध. एकच सामना, एकच डाव, २०७ धावा. मे १९१७ ला फ्रान्समध्ये बुलकूरच्या लढाईत गेला. विशी नुकती ओलांडलेली. कारकिर्दीची सरासरी २०७.

हायलंडची सरासरी काढताच येत नाही. पण तो सत्तर वर्षं जगला.


लेगबाय
सोमवार, रात्री १०:१५

कॅलवेचं माझ्या डोक्यात होतं, पण मुद्दाम टाकलं नव्हतं. तो आला की बाकीचे सगळे हास्यास्पद वाटायला लागतात, आणि ते तसे नाहीत.


खडूस मुंबईकर
मंगळवार, सकाळी ९:५०

शंकेखोर, आता एक उत्तर द्या. माझ्या कांगा लीगच्या पहिल्या मॅचला आम्ही फिल्डिंगला उतरलो. मी डीप फाइन लेगला. तिथे आमची बाउंडरी आणि शेजारच्या मॅचची पॉइंटची जागा एकच, म्हणजे मी दोन मॅचमध्ये एकदम उभा. चौथ्या ओव्हरला असा कोसळला की समोरचा माणूस दिसेना. मॅच गेली. मला बॉल लागला एकदाच, तोही शेजारच्या मॅचमधला, मांडीवर. दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी विचारलं, काय रे, काल खेळलास का? मी म्हणालो, हो सर.

खोटं बोललो का?


शंकेखोर
मंगळवार, सकाळी १०:२०

काका, चार ओव्हर म्हणजे हायलंडच्या दुप्पट. शिवाय मार खाल्लात. तुम्ही खेळलात.

हायलंडच्या बाबतीत एवढं कबूल करतो की त्याला 'खेळला नाही' म्हणायचा अधिकार मला नाही, कारण त्या दिवशी तो मैदानाच्या आत होता आणि मी पुण्यात खुर्चीवर बसून लिहितोय. पण पंचांचा मुद्दा मी सोडलेला नाही.


गुलबक्षी
मंगळवार, सकाळी ११:०५

पंचांना पगार मिळतो का हो?


आबा सातारकर
मंगळवार, सकाळी ११:३०

मिळतो. बरेचसे निवृत्त व्यावसायिक खेळाडूच असत पंच. तो वेगळा विषय आहे, आणि मोठा आहे.

पाटावरवंटा, तुम्ही मात्र सेमूर क्लार्कवर वेगळा धागा काढाच. लक्स परत कधी आला, क्लार्कनं पकडलेले झेल, सगळं नीट लिहा. इथे तो कोपऱ्यात राहिला.


पाटावरवंटा
मंगळवार, दुपारी १:१५

काढतो आबा. रविवारपर्यंत वेळ द्या, ऑडिट चालू आहे.